हर्णै, मच्छीमार सोसायटी, रात्रपाळी

बर्फाच्या कारखान्यावरची खोली.
स्क्रीनवर एकशे बारा होड्या,
लॉगमध्ये एकशे तेरा क्वेरी:
एक यादीची,
बाकी होडीगणिक वेगळी हाक –
तुझ्यात काय? आणि तुझ्यात?

चोगलेबाय हसली असती.
ती धक्क्यावर एकदाच ओरडते,
सगळ्या टोपल्या समोर येतात.

जॉइन लावला. पान झटकन उघडलं.
पण कालची सुरमई गायबच:
लिलाव झाला, पैसे मोजले,
तक्त्यात ओळ नाही.

उजाडताना खाली उतरलो.
"साडेसहाशे... साडेसहाशे..."
आकडा नुसता वाऱ्यावर;
बायने टोपलीला हात लावेपर्यंत
सुरमई कुणाचीच नव्हती.

दोन-दोन पायऱ्या चढत वर आलो.
सेशन उघडलं होतं,
मिटलंही होतं व्यवस्थित.
मधली कमिटची ओळ
मी लिहिलीच नव्हती.