सोनामुखी

वडगावात माग सुरू व्हायच्या आधी
वन्संना मळमळीची गोळी.
मग अर्धा तास थांबायचं, मग चहा.
अर्धा तास म्हणजे भिंतीपलीकडं
चार कांड्या भरून होतात,
घड्याळ बघावं लागत नाही.

पोराच्या गणिताच्या वहीत पानं उरली होती,
त्यात रेघ मारून घेतली मी.
डावीकडं दवाखान्याचं:
सलाईनच्या दिवशी दोन, दुसऱ्या दिवशी एक,
ताप शंभरच्या वर गेला तर लगेच फोन.
उजवीकडं आमचं:
आल्याचा कीस, चिमूटभर मीठ लावून
(तोंड आलं असेल तर नको),
आमसुलाचं गार पाणी,
ओठांना खोबरेल,
मऊ भात, भात नको म्हणाल्या तर नुसती पेज,
पेज नको म्हणाल्या तर जवळ बसणं.
कुंदा आणला होता भावजींनी, चमचाभर.
म्हणाल्या, लोखंड चाटल्यासारखं लागतंय ग,
तूच खा.

जांबोटीच्या भैरू गावड्याची पुडी
मी वहीत लिहिली नव्हती.
गुळवेल होती म्हणे, आणि आणखी काय काय काळपट.
विचारू नका, गुण बघा, म्हणाला.
तांदळाच्या डब्यात ठेवलेली,
रोज संध्याकाळी कोमट पाण्यातून.
वन्सं डोळे मिटून प्यायच्या.
त्या माझ्यासाठी पीत होत्या,
हे मला फार उशिरा कळलं.

महादेवी सिस्टर विचारते, नोवु एष्टु?
वन्सं बोटं दाखवतात. सात. कधी आठ.
पाट्यांवरनं या गावात डोकी फुटली,
खरं दुखणं मोजायला
दोन्हीकडं दहाच बोटं.

मग डोळे पिवळे दिसायला लागले.
डॉक्टर कागद बघत म्हणाले, अजून काय देताय?
खाली मान घालून मी पुडी काढली.
ओरडतील वाटलं.
त्यांनी वास घेतला, पुडी परत बांधली.
हिनं झालं असेल, आमच्या औषधानं असेल,
नाहीतर रोगानंच. छातीठोक कुणी सांगू शकत नाही.
खरं ही बंद. आलं राहू दे, आमसूल राहू दे,
आणि यापुढं जे पोटात जाईल ते सगळं वहीत.

वही मागून घेतली, डावीकडं मॉर्फीन लिहिलं,
दर चार तासांनी, दुखायची वाट न बघता.
त्याच्याखालीच लिहिलं: सोनामुखी, रात्री.
मी म्हटलं, सोनामुखी? म्हणजे आपली पाल्याची?
तीच. या गोळीनं पोट गच्च होतं,
दोघी जोडीनं द्यायच्या, एकीला सोडून एक नाही.
माझी रेघ तिथंच वाकडी झाली.

शेजारची सुमित्रा दारातून म्हणाली,
मॉर्फीन? बाई, सवय लागते त्याची.
वन्सं आतनं म्हणाल्या,
सवय लागायला तेवढे दिवस तरी दे की मला.

त्या रात्री त्या झोपल्या.
मीच जागी, तासातासाला छाती हलतेय का बघत.
पहाटे बोटं दाखवली: तीन.
थोडा विचार करून एक मिटलं.
मग नाव आठवून हसायला लागल्या,
पदर तोंडाला दाबून, कारण हसलं की चिरा दुखतात,
नाव काय, आणि काम काय ग तिचं!

तीस वर्षं शहापुरी लुगड्यांचे काठ विणले त्यांनी.
माग सुरू झाले तसं डोकं भिंतीकडं वळवलं,
ऐकत राहिल्या.
तिसऱ्या मागाचा धागा तुटलाय, म्हणाल्या,
जा, सांग त्याला, नाहीतर वीतभर वाया जाईल.

गोळ्यांची पट्टी हातातच, तशी गेले.
तिसरा माग चालला होता नीट,
एक धागा हलला नव्हता.
पोरानं वर बघितलं, काय काकू?
काही नाही म्हटलं.

परत आले. वाट बघत होत्या.
म्हटलं, व्हय वन्सं, तुटला होता.
जोडला त्यानं.