खराट्याच्या उंचीवरून

तीन फोन, अकरा मुलं, नंदानगरच्या शाळेतला
पंखा न फिरणारा वर्ग. रविवारी दहाला
मी फळ्यावर लिहितो: माहितीपट.
खाली रेघ मारतो आणि खडू ठेवून देतो,
फळ्यावर याच्यापुढे काही येत नाही मला.

फोन आडवा धरा. उन्हाकडे पाठ करा.
ज्याला दाखवायचं त्याला आधी विचारा,
नाही म्हणाला तर फोन खिशात.
आणि मनात दहा आकडे होईतो
हात हलवायचा नाही.
"काही घडतच नसेल तर, सर?"
मुर्तझाचा प्रश्न. म्हटलं, मोज तर खरं.

विषय तुम्हीच शोधा म्हटल्यावर
दोघांनी आणलं मांजर, एकीनं आजोबांचा दमा,
मुर्तझानं आणली कान्ह नदी, नाक दाबलेल्या आवाजात.
रिंकल गोहर दोन आठवडे रिकाम्या हातानं आली.
तिसऱ्या रविवारी म्हणाली, आई.
आई रात्री सराफ्यात असते.

आम्हा इंदूरकरांना सराफा म्हटलं की आधी भूक लागते.
सोन्याची दुकानं शटर ओढतात
आणि त्यांच्याच पायऱ्यांसमोर चढतात कढया,
भुट्ट्याचा कीस, गराडू, आटत आलेली रबडी,
दीड वाजेपर्यंत माणसाला माणूस घासून.
दिवसाची धूळ न्यारिये विकत घेतात,
चाळून चाळून सोन्याचा कण काढतात म्हणे.
रात्रीची धूळ रिंकलच्या आईची.

"चेहरा मत लेना, बेटा,"
एवढंच आई म्हणाली.
मी सुचवणार होतो, मग पाठमोरी घे, हात घे,
सगळे घेतात तसे.
रिंकल माझ्यासाठी थांबली नाही.
केसांच्या दोन रबरांनी तिनं फोन बांधला
खराट्याच्या दांड्याला, जमिनीपासून हातभर वर,
आणि आईनं रोजच्यासारखा रस्ता झाडला.

सव्वासहा मिनिटं. एकही चेहरा नाही.
बूट, मोजड्या, जोडवी, उंच टाचा,
वरून कुठूनतरी पडणारे द्रोण,
कुणाचं तरी अर्धं हसू.
कचरापेटी दोन पावलांवर, चौकटीत चक्क दिसते.
खराटा जवळ आला की पाय उचलले जातात,
बोलणं न थांबवता, खाली न बघता,
माशी बसली की गाय कातडी थरथरवते ना, तसे.

जोडणी करताना चौथ्या मिनिटाला तिनं चित्र थांबवलं.
तपकिरी सँडल, डाव्या पट्ट्याला निळ्या दोऱ्याची शिवण.
शेजारी रबडीचा द्रोण, नुकताच पडलेला,
अजून डोलणारा.
ती माझ्या पायांकडे बघत नव्हती. मुद्दाम.
"हा कापू का, सर?"

मी दहा आकडे मोजले.
काही घडत नव्हतं.
म्हटलं, राहू दे. पूर्ण ठेव.

वस्तीच्या धर्मशाळेत पडदा लावला, म्हणजे चादर.
सतरंज्या, चहा, पालक, सराफ्यातले दोन दुकानदार,
मागच्या भिंतीवर शहराच्या पहिल्या नंबराचं पोस्टर.
सगळ्यांच्या चपला दाराबाहेर.

संपल्यावर आधी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत,
मग जरा जास्तच वाजवल्या.
आणि बाहेर तो ढीग.
एरवी केवढा गलका होतो अशा ढिगाशी.
आज जो तो खाली बघून, पटकन पाय सरकवून.
रबडीवाल्यांनी तर बूट हातात घेतले
आणि मोज्यांवरच स्कूटरपर्यंत गेले.

माझ्या सँडल वरच होत्या, ट्यूबलाइटखाली.
रिंकलची आई बाजूला उभी होती, गर्दी ओसरायची वाट बघत.
तिनं निळा दोरा पाहिला, मला पाहिलं.
"सिलाई पक्की है," म्हणाली. "घर पे की?"
हो म्हणालो. पुढचं जे म्हणायचं होतं
ते पट्टा आवळताना घशातच राहिलं.

दाराशी मुर्तझा उकिडवा,
फोन आडवा, जमिनीला टेकवलेला,
समोर उरलेल्या चार जोड्या.
ओठ हलत होते त्याचे:
सहा. सात.