सगळीकडे बदला

पापडाच्या डब्यातून काढून कोकिळाबाईंनी दिली
ती सीडी अजून हिंगाची वासत होती.
"आप्पा जिनिंगमधून सुटले की दोन तास टाईप करायचे,
आठ वर्षं. अहिराणीचे शब्द. निघेल का तुझ्याकडे?"
बघू, म्हटलं.
अमळनेरात बघू म्हणजे हो, जरा उशिराचं.

माझ्या दुकानात सातबारा निघतो, पीकविमा भरतात,
आणि कॉम्प्युटरवर लिनक्स आहे:
दुसरं घ्यायला तेव्हा पैसे नव्हते,
नंतर सवय झाली.

फाईलचं नाव आठ अक्षरांत चेपलेलं,
मागे तीन अक्षरांचं आडनाव,
जे माझ्या मशीनला कुठल्याच गोतात सापडेना.
आप्पांच्या त्या प्रोग्रामला
कॉम्प्युटरच्या पाठीला एक लॉक लावावं लागे,
काडेपेटीएवढं, ताईतासारखं.
कॉम्प्युटर भंगारात गेला, किलोवर,
ताईतासकट.
कंपनीचा नंबर लावला तर पुण्यातला एक टायरवाला उचलतो.

मग जबरदस्तीनं उघडली, साधा मजकूर समजून.
पौंडाची खूण, अंशाचा गोल, उलटं प्रश्नचिन्ह,
पुन्हा पौंड.
लोटन आप्पांची आठ वर्षं
पडद्यावर अशी, कुणी दाणे सांडून पळाल्यासारखी.

सगळ्यात जास्त काय येतं ते मोजलं.
डोक्यावर दोन टिंबं घेतलेला इंग्रजी ओ,
एकोणीस हजार वेळा.
मराठीत इतक्यांदा उभं राहतं कोण?
काना.

बाकीचं एका छापील पानावरून लावलं.
ते पापडांखाली अंथरलेलं होतं,
खालचा अर्धा भाग तेलानं पारदर्शक.
पहिली वेलांटी जुन्या फाईलीत अक्षराआधी येऊन बसते,
नव्या नियमात तिला मागे बसवावं लागतं.
रफाराचं उलट.
मे महिना. तीनला लाईट गेली.
सेव्ह केलेलं नव्हतं.

चौथ्या दिवशी शब्द यायला लागले.
आभाय. कपाय. सकाय. डोया.
बाराशे शब्द झाले, आणि ळ एकही नाही.
मी जळगावात वाढलेली, घरात पुस्तकी मराठी,
वाटलं, माझाच तक्ता चुकला,
दोन अक्षरं एकाच खुणेत शिरली असणार.
शोधा: य. त्याजागी: ळ.
सगळीकडे बदला.

क्षणात आभाळ झालं. कपाळ, सकाळ, डोळा.
मी खूश.
जिथे जिथे माय होती तिथे माळ झाली,
हे मला दिसलंसुद्धा नाही.

दुपारी कोकिळाबाई कळण्याची भाकरी घेऊन आल्या,
चष्मा पुसला, पहिली ओळ वाचली.
"मनी पोर कोकिळाले."
थांबल्या.
हे कोणी लिहिलं?
आप्पांनीच, म्हटलं, मी फक्त दुरुस्त केलं.
"काय दुरुस्त? चूक नई शे ती.
आप्पा माले कोकियाच म्हनेत.
कोकिळा फक्त शाळेच्या दाखल्यावर."

मागे घ्या. मागे घ्या. मागे घ्या.
ळ एकेक करून गेले,
माय परत आली, ओळीओळीतून.
कोकिळाबाई पडद्याकडे बघत होत्या,
भाकरी माझ्या हातात तशीच.

आता फाईल साध्या मजकुरात ठेवलीय,
तीन जागी, कुलपाविना.
अकरा खुणा मात्र लागल्या नाहीत,
तिथे रिकामे चौकोन आहेत.
बाई रोज येतात, चौकोनावर बोट ठेवून
आजूबाजूचा शब्द तोंडात घोळवतात,
चव आली की सांगतात. सात सुटले.

काल आठव्यावर बोट ठेवलं,
ओठ हलले, आणि एकदम पदर तोंडाला.
आठवला?
आठवला, पण तुझ्यासमोर नाही सांगायची.
मग बराच वेळ हसत बसल्या एकट्याच,
"आप्पा... हे पण लिखी ठेवलं!"