शनिवारची मयत

बेदियाको, आधी स्पीकरची जाळी झाड.
वाळवंटावरून आलेली धूळ आहे ती,
गाण्याच्या आधी तीच बोलायला लागते.
मग वायर टाक मंडपाच्या मागून,
म्हाताऱ्यांच्या पायांत येणार नाही अशी.

आज ओपानिन दांक्वा.
एकतीस वर्षं लाकडाची लॉरी हाकली, कुमासी ते ताकोराडी.
पाच आठवडे शवागारात थांबला,
कॅनडातली पोरं येईपर्यंत.
आता तीनशे प्लास्टिकच्या खुर्च्या, काळे-लाल कपडे
आणि कडेला आपलं हे डुगडुगतं टेबल.

लग्नात कोणीही डीजे होतो.
तिथे लोक घरूनच तापून येतात.
इथे शून्याच्या खालून सुरुवात.

पहिला तास ढोल नको.
चर्चची गीतं, बायकांच्या आवाजातली,
मिनिटाला साठ ठोके, त्याच्या वर नाही.
रडणाऱ्याला घाई केलेली चालत नाही.

चेहऱ्यांकडे बघू नकोस,
मयतीत चेहरे शिकवून आणलेले असतात.
पाय बघ.
ज्याची चप्पल सुटलीय आणि अंगठा हलतोय
तो आपला पहिला माणूस.
पुढचं गाणं त्याच्यासाठी लाव,
पण त्याला वाटलं पाहिजे की उठायचं
त्याचं त्यालाच सुचलं.

दोनला देणग्यांचं टेबल मांडतील,
माईकवर नावं आणि आकडे.
तेव्हा हायलाइफ, जुन्या गिटारची.
फार नाचरी नको: नाचणाऱ्याचे हात हवेत असतात,
खिशात जात नाहीत.
फार रडकी नको: रडणारा म्हणतो, उद्या देतो.
मधली. मी तिला पाकिटाची चाल म्हणतो.
हे घरच्यांना सांगायचं नाही.

मग चढ. पाच-पाच ठोक्यांनी.
दांक्वाच सांगायचा,
चढावर गिअर असा बदलावा
की मागच्या लाकडाला कळू नये.

एवढं सगळं मी त्याला शिकवलं
आणि झालंही तसंच.
भाचे उठले, विधवा बहिणी उठल्या,
मनगटं वळवत अदोवा नाचू लागल्या.
फक्त पहिल्या रांगेतली तिसरी खुर्ची.
अकोसुआ न्यार्को, थोरली.
सकाळपासून गुडघ्यांवर हात,
पाय जमिनीत ठोकल्यासारखे.

तिच्या शाळेच्या काळातलं लावलं.
बापाच्या तरुणपणातलं लावलं.
ताकोराडीकडचं एक, कोळ्यांचं, तेही.
काही नाही.
तीनशे माणसं सोडून एका खुर्चीकडे बघत बसणं
हा आमच्या धंद्यात गुन्हा आहे.
मी तो तासभर केला.

आणि लॅपटॉप अडकला.
उचललेले पाय तसेच राहिले.
कोणीतरी खोकलं.
त्या शांततेत भिंतीपलीकडचा जनरेटर ऐकू आला,
जुनं डिझेल इंजिन,
घरघरतं, अडखळतं,
आता बंद पडणार म्हणेपर्यंत पुन्हा धरतं.

बेदियाकोचा हात बटणावर गेला.
मी त्याचं मनगट धरलं.

तिची टाच हलली.
मग ती उठली,
नाचाच्या उलट दिशेला, भिंतीला वळसा घालून गेली,
आणि जनरेटरच्या तापल्या पत्र्यावर
तळहात ठेवून उभी राहिली.
तिथून तिचा आवाज आला.
पहाटे दारासमोर कोणीतरी
इंजिन गरम करत ठेवायचं, असं मला वाटलं.
विचारलं नाही.

लॅपटॉप सुरू झाला तरी मी थांबलो.
मग गाणं लावलं ते हळू,
खालून ती घरघर ऐकू येईल इतपत.

संध्याकाळी जनरेटरवाला आला,
डिझेल जास्त जळलं, वीस सेदी वर द्या म्हणाला.
मी घासाघीस केली नाही.
बेदियाको वही उघडून बसला होता,
साडेचारच्या रकान्यात
गाण्याचं नाव काय लिहू, विचारत.
म्हटलं, वायर गुंडाळ आधी,
अंधार पडतोय.