धाडसी

आमच्या पानावर चोरी कधी एकटी येत नाही.
धाडसी चोरी येते. धाडसी घरफोडी.
भरदिवसा धाडसी दरोडा.
धुळ्यात, आग्रा रोडला,
बियाण्यांच्या दुकानावरच्या माडीत बसून
सतरा वर्षं मी हा शब्द लावतोय,
हलवाई पेढ्यावर पिस्त्याचा काप लावतो तसा,
न बघता.

वाणीसाहेब म्हणायचे,
दोन कॉलमांत 'चोरी' पोरकी दिसते,
दोनच अक्षरं बिचारीला,
कोणाची तरी सोबत द्या.
मी दिली.

एकदा नरडाण्याहून हिलाल बेडसेचा फोन.
निवृत्त ग्रामसेवकाचं घर,
टीव्ही, मिक्सर, पाच भार चांदी.
कुलूप कशानं तोडलं, मी विचारलं.
हिलाल हसायला लागला.
'कुलूप कथं व्हतं, भो, तारनी कडी व्हती.
दार ढकलं, मझार घुसनात.'
मी लिहिलं: धाडसी घरफोडी.
ग्रामसेवकांनी म्हणे ते कात्रण जपून ठेवलंय,
पाहुणे आले की काढतात.
साधा चोर शिरला तर नामुष्की,
धाडसी शिरला
तर घरालाही जरा वजन येतं.

दुसरा शब्द आहे, धजणे.
तो आमच्याकडे 'नाही'चा हात धरल्याशिवाय
घराबाहेर पडत नाही.
कोणी पुढे येण्यास धजावले नाही.
बोलण्यास कोणी धजेना.
तक्रार द्यायला धजत नव्हते.
'ती धजावली', एवढंच,
पुढे पूर्णविराम,
असं वाक्य माझ्या हातून गेल्याचं
मला तरी आठवत नाही.

पांझरेकाठचं एक गाव. नाव राहू द्या.
वाळूच्या ट्रॅक्टरवाल्यांनी तलाठ्याला
भर चौकात मारलं, सकाळी दहाला.
बातमी रात्री नऊला आली, पाच ओळींची,
सहावी मी घरची घातली:
बघ्यांची गर्दी होती, मात्र कोणीही
मदतीस धजावले नाही.
छान बसली. पान सुटलं.

चौथ्या दिवशी हिलाल म्हणाला,
चौकात पिठाची गिरणी आहे, शकुंतला अहिरेंची.
तिने पट्टा बंद केला होता,
पापण्यांवर पीठ घेऊन तशीच बाहेर आली होती,
आणि ज्या हातात पाना होता
तो हात धरला होता.
'आनि काल जबाबबी दिधा तिनी.
एकलीच गयी, एसटीनं तिकीट काढीसन.'

मी लिहायला बसलो.
'धाडसी महिला' टाइप केलं.
पण त्याच पानावर, वर, उजवीकडे,
सोनगीरच्या विहिरींवरून केबल नेणारे दोघे
सकाळपासून धाडसी होऊन बसले होते.
शेजारी कसं बसवायचं तिला?
'अखेर एका महिलेने' लिहिलं.
हे अखेर कुठून आलं?
उशीर बातमीला झाला होता,
ती तर पहिल्याच मिनिटाला तिथे होती.
खोडलं.
शेवटी उरलं ते असं:
शकुंतला अहिरे यांनी जबाब नोंदवला.
विशेषण नाही, चौकट नाही.
सबमर्सिबल पंपाच्या जाहिरातीखाली
तीन ओळी.
वाणीसाहेब असते तर म्हणाले असते,
अळणी झालंय.

संध्याकाळी तिचाच फोन.
मागे गिरणी चालू, बाजरी असावी,
आवाज जड येत होता.
बातमी वाचली म्हणाली. बरी आहे.
मग म्हणाली,
'पन त्या दिनले, कोनी धजावलं नही,
हाई कोन लिखेल व्हतं?'

डेस्कवर होतं ते, मी म्हणालो.

पट्टा फिरत राहिला.
कोणीतरी डबा ठेवला, झाकण वाजलं.

'डेस्क म्हंजे कोन, भाऊ?'

वाक्य माझ्याकडे तयार होतं,
नकारासकट.