किती वाजले, हडळबाई?

पोळ्याच्या रात्री, बैलांच्या शिंगांचा रंग वाळायच्या आत
सावद्याच्या केळी ग्रुपच्या शेडमध्ये
वजनकाट्यामागे चादर बांधतात
आणि लीलाधर भंगाळेंचा 'सातवा घड' सुरू होतो.
लांबी एक तास बावीस मिनिटं.
खर्च अकरा हजार चारशे, जनरेटरचं रॉकेल वेगळं.

पहिला खून बदामाच्या आकारात होतो.
लग्नाच्या कॅसेटी मिक्स करायच्या मशीनमध्ये
एवढा एकच इफेक्ट धड चालत होता.
बदाम उघडतो, आत नवरा-नवरीऐवजी
विळा, आणि सरपंचाचा गळा.
रक्त म्हणजे कुंकू आणि ग्लुकोजचं पाणी.
माशा खऱ्या.
सगळ्यांत चांगलं काम माशांनी केलंय.

हडळ म्हणजे सुपडू तडवी, वीज मंडळातला वायरमन.
पाय उलटे हवेत म्हणून चपला उलट्या बांधल्या,
तो दोनदा पडतो.
दोन्ही पडणी ठेवलीत, कॅसेट महाग होती.
विमलवहिनींच्या पांढऱ्या साडीला केळीचा चीक लागला,
तो विषय अजून मिटलेला नाही.
आणि पदराखालून दिसतं मनगटी घड्याळ,
काटे स्पष्ट.
पुढची पोरं एका सुरात ओरडतात,
"हडळबाई, किती वाजले?"
मागून, विडीच्या धुरातून, रिटायर सुपडू सांगतो,
"सव्वादहा वाजले भो, घरी जा!"

मी त्यात चंद्र आहे.
म्हणजे स्टीलचं ताट आणि दोन सेलची बॅटरी, खांद्यावरून धरलेली.
चंद्र हलतो.
डास होते.

एका ठिकाणी हडळ शाप देत असते
आणि भुसावळकडची मालगाडी शिटी मारते.
सुपडू थांबतो. डबे संपेपर्यंत थांबतो.
मग उरलेला शाप देतो.
लोक इथे लोळतात हसून. मला मात्र खरं सांगतो,
इथेच थोडं भ्यायला होतं:
काळोख्या बागेत, केळीच्या दोन खांबांमध्ये उभी
गाडी जायची वाट बघणारी ती बाई.
जणू तिलाही कुठेतरी जायचं होतं.

यंदा झांबरेंचा हितेश आला, मोबाइलच्या दुकानवाला.
म्हणाला, काका, सगळं साफ करून देतो.
घड्याळ पुसतो, गाडी काढतो, चंद्र स्थिर करतो.
फुकट.
आम्ही ताटातल्या शेंगांकडे बघत बसलो.
मग मी विचारलं, आणि एक तास चौदाव्या मिनिटाचं काय?

एक तास चौदाव्या मिनिटाला हडळ विहिरीत उतरते,
चित्र फाटतं, रेघा धावतात
आणि खालचं जुनं रेकॉर्डिंग वर येतं.
चार सेकंद.
हळदीचे हात, पितळी वाटी,
एक मुलगी मान वर करून
कॅमेऱ्यामागच्या कुणाला तरी काहीतरी म्हणते.
मग पुन्हा विहीर.

वरपक्षाने साडेतीनशे रुपये बाकी ठेवले होते.
लीलाधरने त्यांच्याच कॅसेटवर हडळ उतरवली.
तेव्हा त्याला हे फार न्यायाचं वाटलं होतं.

कोकिळाबाई विवऱ्याहून रिक्षाने येतात, दर पोळ्याला,
सुनेच्या हातचा डबा घेऊन, पुढून चौथ्या सतरंजीवर.
सरपंच मरतो तेव्हा खो-खो हसतात,
सुपडू पडला की "अरे माय!" म्हणतात.
त्या चार सेकंदांना
हातातली शेंग अर्धी फुटलेली तशीच राहते.
लीलाधर बरोबर तेव्हाच
जनरेटर बघायला बाहेर गेलेला असतो.

एकदा विचारलं मी, तिथे काय म्हणताय तुम्ही?
म्हणाल्या, "आठवत नाही रे.
दर वर्षी बघते, कधी ऐकू येतं का."

हितेशने पेन ड्राइव्ह खिशात टाकला, शेंगा घेतल्या.
पडद्यावर हडळ विहिरीतून वर आली, निथळत,
साडी पिळली, नाक शिंकरलं
आणि सरळ आमच्याकडे बघून विचारलं,
"झालं का?"
तोच शेवट आहे.
तेही कापलेलं नाही.