रुग्णाशी नातं

दर गुरुवारी हैदराबादहून रात्रीच्या गाडीनं सर्जन येतात.
ते चहा घेईपर्यंत फॉर्म समजावून ठेवायचं काम माझं.
फॉर्म इंग्रजीत. सही मराठीत चालते, अंगठाही चालतो.
मी दैवशाला, बारावी नापास,
पण त्यातले अवघड शब्द
परभणीच्या तोंडात बसतील असे वळवून देते:
नाकाचा पडदा, भूल, सूज,
आणि क्वचित, हे मी जरा हळू म्हणते,
वास येणं कायमचं बंद.

आज कल्याणी गिराम, वय तेवीस. सोबत वडील.
फाइल न बघता ओळखलं असतं.
एकच नाक, दोन चेहऱ्यांवर.
मधे उंचवटा, टोकाला वाकलेलं,
एकाच लोहारानं घडवलेले दोन विळे,
एक कोरा, एक उन्हातान्हात वापरलेला.

तीन ठिकाणांहून नकार.
"मुलगी चांगली आहे, फक्त..."
'फक्त'च्या पुढं कुणी काही बोललं नाही,
नुसतं स्वतःच्या नाकाला बोट लावलं म्हणे.

आपली भाषाही काही कमी नाही.
अब्रू गेली की नाक कापतो,
माफी मागायची तर नाक घासतो,
गरीब माणूस नाकासमोर चालतो.
"माझं नाक माझ्या आधी खोलीत शिरतं," कल्याणी म्हणाली,
आणि हसली.
हे वाक्य तिनं बऱ्याच ठिकाणी वापरलं असावं.

वडील कृषी विद्यापीठात, ज्वारीच्या केंद्रावर मजूर.
कणसांना कागदी पिशव्या बांधतात,
परका पराग लागू नये म्हणून.
मला म्हणाले, "आमच्याकडं एक वाण सुधारायला
धा वर्षं जातेत, बाई.
तुम्ही दोन तासांत करायलात?"
मग थांबून,
"पण ह्ये बियाण्यात उतरतंय का?"

फॉर्ममधे याला रकाना नाही.
मी म्हटलं, नाही.
नातवंड तुमचंच नाक घेऊन येईल, हे म्हटलं नाही.
सोयरिकीत आधी सांगायचं की लपवायचं,
तेही फॉर्म विचारत नाही.

"ते पाळण्यात बघू ना, बाबा," कल्याणी म्हणाली,
आणि माझ्याकडं वळली, चिडूनच.
"सगळं गाव माझ्या नाकावर बोलतं, ताई.
मी एकदा बोलले तर लगेच पाप?
नवऱ्यासाठी नाही करायले मी."
"मग?"
विचारायला नको होतं, ते माझं काम नाही.
ती खिडकीतून बाहेर बघत राहिली.
एका रिक्षाच्या पाठीवर लिहिलं होतं,
जगात जर्मनी, भारतात परभणी.
रिक्षा गेल्यावर म्हणाली,
"आता मलाच नाही माहीत."

माझ्या गालावर उकळत्या दुधाचा चट्टा आहे.
डॉक्टर दोनदा बोलले,
"फुकट करून देतो, काउंटरला बरं दिसेल."
मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.
पगार त्यांच्याच हातून येतो.
माझा फॉर्म मला कोण समजावून सांगणार?

शेवटचं पान. सहीच्या खाली: रुग्णाशी नातं.
गिराम काकांनी आधी 'बाप' लिहिलं,
मग खोडून 'वडील'.
पेन परत देताना,
दुकानात सुट्टे मागावेत तसं हळूच म्हणाले,
"काढलेलं हाड कुठं टाकता?"

पिवळ्या पिशवीत, काका.
मंगळवारी गाडी येते, घेऊन जाते. जाळतात.

"बरं."
खिशातून रुमाल काढला
आणि नाकावर धरून बसले, लई वेळ.
सर्दी नव्हती त्यांना.
मी पावती फाडली.
ॲडव्हान्स दहा हजार, रोख.